पुराच्या रेघेचा दगड

देवाने नदीला कोपर दिलं आणि त्या कोपरात आमचं गाव बसवलं. खालची आळी पाण्याला खेटून, वरची टेकाडावर. मोठ्या पुरात खालची आळी बुडाली आणि सारी माणसं वर, आत्याच्या घरी येऊन राहिली. त्या पुण्याईवर आत्या आजवर ऐटीत जगली. कुणी वर तोंड करून बोललं, की ती गोडीत विचारायची, पुरात तुझा बाप कुणाच्या ओसरीवर होता रे? समोरचा लगेच तिला बसायला पाट द्यायचा.

पाणी कुठवर चढलं त्याची रेघ कोरलेला दगड नदीकाठच्या गोदामाच्या भिंतीत होता. मागे ती भिंत पडली. आत्याच्या गवंडी भाच्याने नवी बांधली, पण दगड काही जुन्या जागी बसेना. दाराच्या वर मात्र मापात बसला. भाच्याने हात धुतले, चहा घेतला, विषय संपला.

आता भूगोलाचे मास्तर गावच्या इतिहासाची पाटी करायला निघाले. त्यांनी त्या दगडावरून उंची काढली आणि हळहळत आत्याकडे आले. म्हणाले, तुमची ओसरीसुद्धा गळ्याइतकी बुडाली होती. पाटीवर तसंच येणार.

आत्याचा जन्मभराचा मान एका पाटीत वाहून चालला होता. तिने पायात चपला सरकवल्या आणि मास्तरांना घेऊन गोदाम गाठलं. भाचा तिथेच गिलावा करत होता. आत्याला पाहताच तो भिंतीला नाक लावून असा रमला, की ध्यानाला बसलेल्यानेही हेवा करावा.

आत्याने आधी दगड पाहिला, मग भाचा.

"मास्तर, पुरात तुमचे वडील आमच्या ओसरीवर मांडी घालून बसले होते," ती म्हणाली. "लग्न व्हायचं होतं त्यांचं. गळ्याइतक्या पाण्यात ते तसे बसले असते, तर तुम्ही कुठून आला असता?"

मास्तरांनी टेप गुंडाळली. भाच्याने थापी खाली ठेवून सगळं कबूल केलं. जुन्या भिंतीच्या उरलेल्या तुकड्यावर पाण्याचा डाग अजून होता. दगड त्याच्या रेषेत आणायचं ठरलं. मास्तर हसत गेले.

आत्या मात्र रेंगाळली. भाच्याने छिन्नी उचलताच हळूच म्हणाली, "डागापेक्षा थोडा वरच बसव."

"आत्या, ते खोटं होईल."

"माझ्या पायरीपर्यंत येऊ दे रे पाणी. ओसरीला शिवायचं नाही. एवढं गाव माझ्याकडे जमलेलं. नदीलाही डोकावावंसं वाटलं असेल."