मधला गोल कापून नेल्यावर

मी लेस बोलतेय. ग्युम्री शहरातल्या एका घरात पाळण्याजवळच्या खुंटीला मला अडकवलंय. बाळ सोडलं तर माझ्याकडे कुणी बघत नाही.

माझा जन्म वर्सिकच्या बोटावर झाला. आमच्याकडे लेसला चौकट लागत नाही, कापड लागत नाही. बोटाला दोरा गुंडाळायचा आणि त्या वेढ्यावर सुईनं गाठी मारत गोल गोल जायचं. वर्सिक शाळकरी पोर. आई हायकानुश शेजारी बसून शिकवायची, पण तिचं तोंड सुईहून टोकदार!

"गाठ मारतेस की बैल बांधतेस गं?"

वर्सिक खुदकन हसायची आणि गाठ आणखीच घट्ट ओढायची.

एका सकाळी ती मला दप्तरात घालत होती. "ठेव इथंच, हरवशील," म्हणून आईनं मला आपल्या झग्याच्या खिशात टाकलं. त्याच दिवशी भूकंप झाला. शाळा कोसळली. वर्सिक परत आली नाही.

हायकानुशनं मला डोळ्यांसमोर ठेवलं नाही आणि टाकलंही नाही. दोऱ्यांच्या टोपलीत अगदी तळाशी घातलं. वर्षं गेली. तिला मुलगा झाला, मोठा झाला. घरात वर्सिकचं नाव कुणी काढत नव्हतं. टोपली उघडली की वाटायचं, आज तरी मला बाहेर काढतील. पण वरचा दोरा घेतला की झाकण बंद.

मुलगा लग्न करून रशियात कामाला गेला. मागे राहिल्या सासू, सून नाझेली आणि तान्हं बाळ. नाझेलीला बोलायला माणूस नव्हतं. सासूजवळ बसायला निमित्त हवं, म्हणून ती लेस शिकायला लागली.

"आई, चुकलं तर उसवायचं कसं?"

"आपली लेस उसवत नाही, पोरी. एकेक गाठ आपापली धरून असते. चुकलं की कात्री."

एकदा सासू बहिणीकडे राहायला गेली. नाझेलीनं टोपली उपसली आणि मी सापडले. तिला वाटलं, आईंनी कंटाळून सोडलंय. पुरं करून दाखवलं तर खूश होतील. बाळाला पायावर झोपवायची आणि गाठी मारत बसायची. मला पुन्हा ऊब लागली. किती वर्षांनी!

सासू आल्या आल्या नाझेलीनं मला तिच्या हातात दिलं. "आई, बघा ना."

हायकानुश मला घेऊन खिडकीशी गेली. एकाच जागी बोट फिरवत राहिली.

"चुकलं का हो काही?"

"नाही चुकलं. तेच तर." तिनं मला उजेडाला धरलं. "हे माझ्या वर्सिकचं आहे. माझ्या लेकीचं. ती कुठं संपली तेच आता दिसेना मला. तू कुठून धरलंस, सांग."

नाझेलीनं मला डोळ्यांजवळ धरलं. तिच्याही गाठी तशाच घट्ट होत्या, एकाच हातानं शिकवलेल्या. तिला सांगता आलं नाही. पाळण्यातलं बाळ रडत होतं, तरी ती उठली नाही.

मग हायकानुशनं कात्री घेतली. अंदाजानं गोल कापत गेली. एकही गाठ सुटली नाही. मधला गोल लेकीचा म्हणून तिनं उशीखाली ठेवला. बाहेरचं कडं राहिलं, ते मी. नाझेलीनं मला उचलून इथं अडकवलं. त्यानंतर दोघींनी सुई धरलेली नाही. बोलतात ते पावाचं, दुधाचं, बाळाच्या खोकल्याचं.

पण कात्री एक फेरा आत गेली. माझ्या आतल्या कडेचा फेरा वर्सिकचा आहे, तिचा शेवटचा. हे मला एकटीलाच ठाऊक.

काल हायकानुश म्हणाली, "ते कडं टाकून दे गं, धूळ खातंय नुसतं." नाझेली "हो" म्हणाली.

तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलंच, तर लवकर जा. हायकानुशला एवढंच सांगा, टाकू नकोस बाई, तुझी लेक अजून थोडी खुंटीवर आहे.