देवाला परत दिलेली गोधडी

मी एक जुनी गोधडी आहे, मित्रांनो, आणि माझी तऱ्हा अशी की जुनी होईपर्यंत माझ्याखाली कुणी झोपलंच नव्हतं.

गोधडीचा जन्म घ्यायचा आणि झोप कशी असते ते ठाऊक नाही, म्हणजे विळीने कधी भाजी न पाहण्यातला प्रकार. एकदा मला उन्हात दोरीवर घातलं होतं. शेजारी एका लेकुरवाळ्या घरातली गोधडी वाळत होती. मी तिला हळूच विचारलं, "अगं, माणूस झोपतो म्हणजे नेमकं काय करतो?" ती हसली. म्हणाली, "लाथा मारतो. लाळ गाळतो. पहाटे दोघं दोन टोकं धरून ओढतात आणि फाटते ती आपण." हे सांगताना तिचा एक कोपरा खरोखरच लोंबत होता. मला तिचा हेवा वाटला.

माझा जन्म जळगावातल्या एका जुन्या चर्चच्या आवारात झाला. महिला मंडळाच्या बायकांनी घरोघरची जुनेरं आणली. एकीने लग्नातली पांढरी साडी दिली, एकीने सासऱ्याचं धोतर, एका नर्सबाईंनी नोकरीतली निळ्या काठाची साडी. चिंचेखाली सतरंजी पसरून त्या मला शिवायला बसल्या. सगळ्यांत पुढे नशिराबादच्या तानुबाई. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, पण नजर अशी की शेजारणीचा चुकलेला टाका इकडून दिसायचा.

"टाके बारीक घाला गं," त्या ओरडायच्या. "आगगाडीचे डबे जोडताय का?"

"तानुअक्का, देवाला टाके मोजता येतात का?"

"देवाला नसतील येत. मला येतात."

देवाचं नाव मध्ये आलं ते उगाच नाही. मला शिवलं होतं हंगाम सणासाठी. या दिवशी मंडळी आपापल्या शेतातला नवा माल देवापुढे आणतात. रावेरहून केळीचे घड येतात, कुणी दादर ज्वारीची कणसं आणतं, कुणी कापसाची फुटलेली बोंडं, कुणी भरताची वांगी, कुणी पाय बांधलेली कोंबडी. कोंबडी उपदेशाच्या ऐन मध्यावर ओरडते, आणि ते एक दरवर्षीचं ठरलेलं आहे. उपासना झाली की मालाचा लिलाव होतो आणि ते धन चर्चच्या कामाला जातं.

लिलाव पुकारायचे योगराज नाना. आवाज बाजार समितीतला, मन मेणाचं, पण ते मेण बाहेरून दिसू नये याची काळजी घेणारे. पहिल्या वर्षी त्यांनी मला सगळ्यांत शेवटी उलगडून धरलं. मंडळी "अहाहा" म्हणाली. बोली चढत गेली. जिंकणारे बागाईतदार उठले आणि हात जोडून म्हणाले, "परत देवाला!"

म्हणजे काय, तर विकत घेतली आणि तिथेच देवाला दान केली. केवढ्या टाळ्या! पुढच्या वर्षी दुसऱ्याने घेतलं. तो मला घरी कसा नेणार? लोक काय म्हणतील? तोही म्हणाला, "परत देवाला." मग ती रीतच पडली. दरवर्षी माझा मान वाढत गेला, लोक मला देवाची गोधडी म्हणू लागले, आणि दरवर्षी सण संपला की डांबराच्या गोळ्या घालून मला पत्र्याच्या पेटीत ठेवू लागले.

ती पेटी असायची पाहुण्यांच्या खोलीत. बाहेरगावचे उपदेशक आले तर त्यांच्यासाठी ही खोली. त्यात लोखंडी खाट, खाटेवर गादी, आणि खाटेखाली मी. उपदेशक वर्षाकाठी एखादे यायचे आणि येताना स्वतःची शाल घेऊन यायचे. विचार करा, मित्रांनो. वर रिकामी खाट, खाली घडी घातलेली गोधडी, आणि खिडकीच्या पलीकडे फाटक.

त्या फाटकाचे आवाज मला पेटीतून ऐकू यायचे. रविवारी तिथे मागणारे बसत. नाणं ताटलीत पडायचं, टण्ण. पण पावलं थांबायची नाहीत. नाणं टाकणारा चालता चालता टाकायचा. कधी कधी फाटकाशी वाद व्हायचा. एक म्हणे, "पैसे देऊ नका, दारूत जातात." दुसरा म्हणे, "नाही दिलं तर भाकर गोड लागत नाही." तिसरा म्हणे, "आपण प्रार्थना करू." असं बोलत बोलत तिघेही घरी जेवायला जायचे. मला मोठं कुतूहल वाटायचं की ज्याच्याबद्दल हा वाद चालला आहे, तोही तिथेच बसलेला आहे, मग त्याला कुणी काहीच का विचारत नाही?

या वर्षी थंडी फार पडली. केळीची पानं करपली, असं मंडळी बोलत होती. सणाच्या आदल्या दुपारी तानुबाईंनी मला पेटीतून काढून आवाराच्या भिंतीवर उन्हात घातलं आणि सुई घेऊन सुटलेले टाके शोधू लागल्या. भिंतीच्या पलीकडे एक म्हातारी पाय पसरून बसली होती. डोक्याला पोतं गुंडाळलेलं, खोकला असा की सगळं अंग हलावं. ती उठली, भिंतीशी आली आणि तिने माझ्या काठावर बोट फिरवलं. एक टाका, दुसरा टाका, तिसरा. कुणी मला नुसतं बघून "अहाहा" म्हणण्यापेक्षा हे वेगळं होतं.

"ए बाई!" नाना धावत आले. "हात लावू नको! उद्याच्या लिलावाची आहे."

म्हातारीने हात काढला. "हाई गोधडी कोनी शे वं?" तिने तानुबाईंना विचारलं.

तानुबाईंच्या आधी नानाच बोलले, "देवाची आहे."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, खरोखरच जाणून घ्यायचं होतं. ती म्हणाली, "मंग देवले थंडी वाजस का?"

नाना कोंबड्या बांधायला दोरी शोधायची आहे म्हणून निघून गेले. तानुबाई मात्र हातातली सुई तशीच धरून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सण. लिलावात शेवटी मी आले. रावेरच्या युवराज भाऊंनी सगळ्यांवर बोली चढवली आणि हात जोडले, "परत..."

"थांबा, युवराज भाऊ," तानुबाई उठल्या. बायकांच्या रांगेतून लिलावात असं कधी कुणी बोललं नव्हतं. "देवाला परत देताय, ते ठीक. पण काल एका बाईनं विचारलं, देवाला थंडी वाजते का? मला उत्तर आलं नाही. इथं कुणाला येत असेल तर सांगा."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. उघड्याला पांघरूण घालणं म्हणजे प्रभूलाच घालणं, हे ते दरवर्षी याच जागेवरून सांगत आले होते. शेवटी तेच म्हणाले, "बोलवा त्या बाईला. गोधडी तिला देऊ."

मग काय उत्साह आला म्हणता! दोघांनी जाऊन तिला दंडाला धरून आणलं. केळीच्या घडांशेजारी उभं केलं. मोबाईल वर झाले. "आजी, इकडे बघा! जरा हसा की!" नानांनी लांबलचक प्रार्थना केली. मग मला तिच्या खांद्यावर घातलं.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं ते पहिलं माणूस. खांद्याचं हाड मला टोचलं. आत काहीतरी धडधडत होतं, पिंजऱ्यात घातलेल्या पाखरासारखं. मला वाटलं, माणसाची ऊब अशी असते होय? पण ती ऊब नव्हती. ती लाजेने थरथरत होती.

तिने मला खांद्यावरून काढलं. सुरकुती न पडू देता नीट घडी घातली, वांग्यांच्या बाजूला टेबलावर ठेवलं आणि लंगडत बाहेर निघून गेली.

"बघा!" मागून कुणीतरी म्हणालं. "भिकेतसुद्धा मिजास!"

"म्हणून मी म्हणतो, या लोकांना काही देऊ नये."

तानुबाईंनी मला उचललं, काखेत मारलं आणि त्या निघाल्या. फाटकाबाहेर म्हातारी आपल्या जागी बसली होती. तानुबाई सणाची कोरी साडी नेसून तिच्याशेजारी धुळीत फतकल मारून बसल्या.

"नाव काय तुमचं?"

"बेबाबाई. का वं?"

"काही नाही. 'ए बाई' म्हणायचं जिवावर आलं." थोडा वेळ दोघी समोरून जाणाऱ्या रिक्षा बघत राहिल्या. मग तानुबाई म्हणाल्या, "बेबाबाई, गोधडी आवडली नाही का?"

"आवडनी ना वं. पन तठे उभी करीसन फोटू काढात. मी काय केळीना घड शे का?"

तानुबाईंना हसू आलं, ते त्यांनी पदरात दाबलं. बेबाबाईही थोडी हसली आणि खोकली. मग म्हणाली, "आनी मी ठेवू कोठे? मांगला साल एक गाडीवालानी धाबळी दिन्ही. पहाटले कोनी तरी लई गया. त्याना आधी एक चादर व्हती, ती कचराना गाडीमा गयी. इतली साजरी गोधडी मन्हा आंगवर दखी ते लोक म्हनतीन, बुढीनी चोरी करी." तिने मागच्या भिंतीवर हात आपटला. "गोधडीले भीत लागस, अक्का. उघडावर गोधडी काय करी?"

गोधडीला भिंत लागते! मी इतकी वर्षं चार भिंतींच्या आत पडून होते आणि मला हे सुचलं नव्हतं. तानुबाईंनी बेबाबाईच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. तिथे पाहुण्यांच्या खोलीची बंद खिडकी होती.

त्या तशाच आत गेल्या. नाना हिशेबाच्या गडबडीत होते. "नाना, पाहुण्यांच्या खोलीची किल्ली द्या."

"कशाला?"

"पाहुणी आली आहे."

नाना समजले. "तानुबाई, ते उपदेशकांसाठी आहे."

"उपदेशक आले की तुमच्या घरी उतरतील. तुमच्याकडे भरीत झकास होतं, ते खूश होतील."

"थट्टा नको. ती आपल्यातली नाही. कानबाई देवीची भक्त असेल. उपासनेला बसणार आहे का?"

"गोधडी कधी विचारते का नाना, तुमचा देव कोणता म्हणून? आधी पांघरूण घालते."

नानांनी आवाज खाली आणला, आणि मग मला त्यांचं खरं भय ऐकू आलं. "अहो, आज एक आली. उद्या दहा येतील. आपण छोटी मंडळी. कुठं कुठं पुरे पडणार? दहाव्याला नाही म्हणायची पाळी माझ्यावर येईल. फाटकाशी मीच उभा असतो."

हे तानुबाईंनाही खोटं म्हणता येईना. त्या म्हणाल्या, "दहाव्याच्या भीतीनं पहिलीला खोकत ठेवायचं का? ती आज रात्री तिथं राहिली तर उद्या उठेल असं मला वाटत नाही, नाना."

बाहेरून खोकला ऐकू आला. नानांनी कंबरेची किल्ली सोडली. "थंडी असेपर्यंत," ते म्हणाले.

"तेवढं पुष्कळ झालं."

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा खाटेखालून खाटेवर आले. बेबाबाई आधी किती तरी वेळ नुसती काठावर बसून होती, गादी रागावेल की काय अशी. मग आडवी झाली आणि मला हनुवटीपर्यंत ओढलं. सुरुवातीला सगळी ऊब माझीच होती. हळूहळू तिची यायला लागली. श्वास लांबला. हात ढिला पडला. हीच का ती झोप, असं मी स्वतःला विचारत होते, तेवढ्यात तिने मला खरोखर एक लाथ मारली! काय सांगू, किती बरं वाटलं!

झोपेत ती बोलायचीसुद्धा. "धर, धर," म्हणायची आणि हात वर करायची. पुढे तानुबाईंशी बोलताना कळलं, ती केळीचे घड ट्रकात चढवायच्या कामावर होती. एकदा घसरून पडली, कंबर कायमची गेली, तेव्हापासून काम सुटलं आणि कामासोबत बांधावरची झोपडीही. डॉक्टरांनी छातीवर औषध दिलं. खोकला उतरला. माझ्यावर चहाचा डाग पडला, मग तेलाचा. तानुबाई आल्या की दोघींचं भांडण लागायचं, मला साबणाने धुवायचं की रिठ्याने. बेबाबाई उपासनेला कधी आत आली, कधी नाही. कधी खिडकीशी बसून कानबाईची गाणी म्हणाली. खाट मोडली नाही, चर्चही जागेवर आहे.

आणि मग नानांना भीती होती तेच झालं. थंडी सरली नव्हती. एका संध्याकाळी फाटकाशी एक तरणी बाई आली, कडेवर पोर. कुठून आली ते सांगेना, नुसती दातावर दात वाजवत उभी. नाना तिला खोलीच्या दारापर्यंत घेऊन आले आणि तिथेच अडले. खाट एक. गोधडी एक. नाही म्हणायची पाळी आली होती, आणि ते म्हणता येत नव्हतं.

बेबाबाईने मान वर केली. नानांकडे पाहिलंसुद्धा नाही. सरकून भिंतीला लागली आणि माझा काठ उचलून धरला.

"ये वं माय, आठे ये. पोरले मधमा घाल."

मी तिघांना पुरते, हे मला माहीत नव्हतं. नानांनाही नव्हतं. ते दारात बराच वेळ उभे राहिले, मग कुणी न सांगता आपल्या घरची गादी आणायला गेले.

मित्रांनो, आता माझे टाके उसवत चालले आहेत. पांढऱ्या साडीचा तुकडा पिवळा पडला आहे, आणि पोराने काय केलं आहे ते मी सांगत नाही. लिलावात मला आता कुणी "अहाहा" म्हणणार नाही. तुमच्या घरी पेटीत घडी घालून ठेवलेलं काही असेल, तर एवढंच करा. फाटकाशी जो बसला आहे त्याच्याशेजारी आधी जरा टेका, त्याला काय हवं ते त्यालाच विचारा, आणि मग पेटी उघडा. मला धुवा, उन्हात घाला, उसवलं तर दोन टाके घाला. पण जपून ठेवू नका. मला फाटू द्या.