खाली म्हणजे रिकामे नव्हे

मित्रांनो, मी एक जुने रिव्हॉल्व्हर आहे. घाबरू नका, आत्ता माझ्यात एकही काडतूस नाही. पण माझ्या या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. का, ते ऐका.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. बरेच हात बदलून मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत वीरभद्रप्पांच्या घरी आले. ते फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. घरात कानडी बोलत, बाहेर मराठी. दर महिन्याला ते मला पुसून तेल देत. पण त्याआधी त्यांची बायको गौरम्मा माझी चक्री उघडून काडतुसांच्या सहाही घरांवरून बोट फिरवी. "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु," असे मोजी आणि मग म्हणे, "खाली." कानडीत खाली म्हणजे रिकामे. तो शब्द ऐकला की वीरभद्रप्पा मला हातात घेत. दहा वर्षे हेच चालले.

१९७३ साली गौरम्मा गेली. त्यानंतर वर्षभर कपाट उघडलेच नाही. माझ्या नळीला गंज चढू लागला. मी कुणाला दोष दिला नाही. त्या घरात चूलही रोज पेटत नव्हती.

मग एके दिवशी जेऊरहून सोनाबाई आली. तिचा नवरा जोतीराम हा वीरभद्रप्पांच्या हाताखाली तयार झालेला जवान. तो सीमेवर होता. इकडे शेतातल्या वस्तीवर सोनाबाई, दोन लहान मुले आणि सासू बजाबाई एवढीच माणसे. दोनदा चोर आले. दुसऱ्या खेपेला त्यांनी बजाबाईचे डोके फोडले. सोनाबाईने कचेरीत खेटे घालून हत्याराचा परवाना मिळवला होता.

"आप्पा, तुमचं हत्यार मला द्या," ती म्हणाली.

"देतो की. पण घरात लेकरं हायत तुज्या. मी बरूबर म्हनंपर्यंत न्यायचं न्हाय, सोनव्वा."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. चार दिवस मी पूर्ण रिकामे होते. तोंड नेहमी जमिनीकडे, माणसाकडे कधीच नाही. बोट चापाच्या बाहेर. विळा धरणारा तिचा हात पक्का होता, पण बोट सारखे चापावर जाई. "बोट भाईर!" आप्पा ओरडत. "जातंय की भाईर, वरडू नगा," ती म्हणे. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी कुणाला उलट बोलत होते.

पाचव्या दिवशी दोघे गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत गेले. सोनाबाईने मडक्यावर पाच गोळ्या झाडल्या. मग खांदा भरून आला म्हणून ती थांबली आणि शिकवल्याप्रमाणे तिने माझे तोंड जमिनीकडे केले.

आप्पांनी विचारले, "खाली?"

"व्हय आप्पा, खाली हाय."

तो शब्द ऐकताच आप्पांनी मला हातात घेतले. चाप कसा हलका ओढायचा ते दाखवायला त्यांनी तो ओढला. सहावी गोळी सुटली. सोनाबाईच्या पावलापासून वीतभर अंतरावर माती उडाली.

आप्पा तिथेच दगडावर बसले. "माज्याच्यानं शिकवनं हुणार न्हाय," ते म्हणाले. "मोजायची ती, आमची गौरम्मा. मी धा वर्सं कदी बघितलंच न्हाय. तू जा घरी."

सोनाबाईने पायावरची माती झटकली. "तुमी काय इचारलं?"

"रिकामं हाय का, ते."

"मी म्हनले तोंड खाली हाय. रिकामं इचारायचं तर रिकामं म्हना की! आमच्या जेऊरात खाली म्हंजी जिमिनीकडं."

आप्पांना हसू आले, आणि हसता हसता डोळे भरले.

"मी घरी जानार न्हाय," सोनाबाई म्हणाली. "तुमच्या मानसाचं मोजनं शिकवा मला."

त्या दिवशी आप्पांनी स्वतः माझी चक्री उघडली आणि स्वतःचे बोट फिरवले. मग सोनाबाईने फिरवले. चौथ्या आकड्याला तिची जीभ अडखळली. आप्पांनी तो तीनदा म्हणवून घेतला. आणखी आठ दिवसांनी ते म्हणाले, "आता बरूबर. ने."

आता मी जेऊरला असते. मी कुलपाच्या लोखंडी पेटीत, काडतुसे दुसऱ्या कुलपात आणि दोन्ही किल्ल्या सोनाबाईच्या कमरेला. एकदा अंगणात पावले वाजली, तेव्हा तिने मला हातात घेऊन नुसता आवाज दिला. पावले पळाली. तीन वर्षांत माझ्यातून एकही गोळी सुटलेली नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही.

दर महिन्याला आप्पा रेल्वेने येतात आणि मला तेल देतात. जेवून जातात. तेल देण्याआधी सोनाबाई मोजते, "ओंदु, एरडु, मूरु..." बजाबाई कुरकुरते, "मराटीत मोजलं तर काय चावतं का ते?"

मग आप्पाही मोजतात. त्यांचे बोट सहाव्या घरावर थोडे जास्त थांबते.

म्हणून मित्रांनो, माझ्यासारखे कुणी दिसले तर हात लावू नका, मोठ्या माणसाला बोलवा. आणि मोठे झालात, की कुणी काहीही म्हणो, कितीही प्रेमाने म्हणो, स्वतः उघडा, स्वतः बघा, स्वतः मोजा.