कृपया हाड

आमच्या लाइव्हला पहिल्या दिवशी नऊ प्रेक्षक होते आणि त्यातले चार मीच होतो. एक माझा फोन, एक ताईचा, एक बाबांचा जुना आणि एक पिंटूचा, जो तो आमच्याकडे चार्जिंगला लावून विसरला होता. उरलेल्यांत दुबईचा एक जण होता. तो चुकून आला असावा. पण गेला नाही, म्हणून त्याचा मी आजही आदर करतो.

लाइव्ह कशाचं होतं, तर बोंबील सुकण्याचं.

मुर्धा गावात आमच्या घरामागे वलांड्या आहेत, म्हणजे उभे खांब आणि त्यांवर बांधलेले आडवे बांबू. आई एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवते आणि ती जोडी बांबूवर टाकते. मग ते दोघं दोन-तीन दिवस तसेच उन्हात लटकतात. एकमेकांशी एवढा वेळ तोंड लावून राहणारं दुसरं जोडपं आमच्या गावात नाही.

यात बघण्यासारखं काही नाही हे मला मान्य आहे. पण राखण्यासारखं फार आहे. कावळे येतात, बगळे येतात आणि एक बोका येतो. आई स्टुलावर काठी घेऊन बसते. माझ्या आठवणीत सुकवणीच्या दिवसांत ती त्या स्टुलावरून कुठेही गेलेली नाही. नेत्राताईचा दहावीचा सत्कार झाला तेव्हा ती स्टुलावर होती. ताईने कॉलेजात भाषणाचा कप जिंकला तेव्हाही स्टुलावरच. कप घरी आल्यावर तिने तो हातात घेतला, वजन बघितलं आणि म्हणाली, "बरा हाय," आणि पुन्हा जाऊन बसली.

आता ताई वकील झाली होती. ठाण्याच्या बाजूला एका हॉलमध्ये पदवीदान होतं, भर सुकवणीत, सकाळी. आमच्या घरात आजवर कोर्टाशी संबंध आला तो फक्त समन्समधून. त्यामुळे ही गोष्ट मोठी होती.

"आई, तू आली नाहीस तर मी स्टेजवर चढणार नाही," ताई म्हणाली. "नाव पुकारू देत, मी खुर्चीतच बसून राहीन."

"मंग बोंबील कोण राखील? तुजा बाप समुद्रात हाय."

"मी थांबतो," मी म्हणालो.

आईने माझ्याकडे बघितलं. "तुज्यापेक्षा तो बोका बरा. त्याचं निदान लक्ष बोंबलांकडं असतंय."

"आणि प्रणितसुद्धा येणार," ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "दोघंही पाहिजेत मला."

शेजारी सांगावं, तर शेजाऱ्यांचेही बोंबील त्याच उन्हात. म्हणून मी लाइव्ह काढलं. योजना सोपी होती: वलांडीसमोर फोन लावायचा, त्याला स्पीकर जोडायचा, आणि प्रेक्षकांनी कमेंटमध्ये 'हाड' लिहिलं की स्पीकरने ते मोठ्याने वाचून दाखवायचं. म्हणजे जगात कुठेही बसून माणूस आमचा कावळा हाकलू शकेल. स्पीकर पिंटूचा होता. तो गावातल्या हळदींना साउंड भाड्याने देतो, त्यामुळे आवाजाची काळजी नव्हती. त्या स्पीकरमुळे एकदा नवरदेवाच्या आजीशी दोन दिवस सगळ्यांना फक्त हातवाऱ्यांनी बोलावं लागलं होतं.

पण नऊ प्रेक्षकांत राखण होत नाही. दुबईवाला झोपला की कावळे खाली उतरायचे.

मग मी अभ्यास केला. लाइव्ह कोणी शोधत येत नाही, लोकांना आधी छोटा तुकडा दाखवावा लागतो. मी बोका वलांडीखाली बसून वर बघतोय एवढाच व्हिडिओ कापला आणि वर लिहिलं, 'हा उडी मारणार का?' खाली लिहिलं, 'लाइव्हला या, याला तुम्ही स्वतः हाकलू शकता.' हा तुकडा मी दुपारच्या जेवणानंतर टाकायचो, कारण ऑफिसातली माणसं त्या वेळी काम सोडून दुसऱ्याला हाकलायला तयारच असतात. रोज नवा तुकडा, आणि कमेंटला उत्तर मी बोंबलाच्या वतीने द्यायचो. 'भाऊ, मी सुकतोय, आपण कसे आहात?' एकाने लिहिलं, 'मीसुद्धा.' त्याला शेकडो लाइक आले.

बोक्याचं नावही प्रेक्षकांनीच ठेवलं: नगरसेवक. येतो, पाहणी करतो, उचलतो, जातो.

आठवड्याभरात नागपूरचे लोक आले, सांगलीचे आले. मिरा रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर आमची लिंक फिरली. आणि एके दिवशी स्पीकर अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "कृपया हाड."

लिहिणारे होते सुभाषकाका. वलांडीच्या पलीकडे जो टॉवर झालाय, त्याच्या चौदाव्या मजल्यावर राहतात. दादरहून इकडे आले, ऑफिसातून निवृत्त झाले, आणि आल्यापासून आमच्या बोंबलांच्या वासाबद्दल महापालिकेत अर्ज करतायत. पण फोनमधून वास येत नाही. एकदा फोनवर बघायला लागले आणि अडकले. चारच दिवसांत त्यांनी प्रेक्षकांच्या पाळ्या लावल्या. सकाळी पुणे, दुपारी विदर्भ, आणि बँकवाले जेवणाच्या सुट्टीत. कुणी पाळी चुकवली तर काका लिहायचे, 'आपली अनुपस्थिती खेदजनक आहे.' स्पीकर हे सगळं मोठ्याने वाचायचा. कावळे खेदाने उडायचे.

आईची परीक्षा मात्र बाकी होती. ती म्हणाली, "एक दिस मी घरात बसतंय. एक बी बोंबील गेला न्हाय, तर येतंय."

ती दिवसभर घरात बसली, म्हणजे खिडकीच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. संध्याकाळी बाहेर आली, बोंबील मोजले आणि फोनसमोर जाऊन प्रेक्षकांना म्हणाली, "तुमाला घरी काय काम न्हाय काय रे?"

हे तिचं कौतुक होतं. मी हा तुकडाही टाकला. त्या एका वाक्यावर प्रेक्षक दुप्पट झाले.

पदवीदानाच्या दिवशी आईने ठेवणीतली नऊवारी नेसली, अबोलीचा गजरा माळला आणि रिक्षात बसल्यावर पहिला प्रश्न विचारला, "दिसतंय काय?"

दिसत होतं. काशीमिऱ्याच्या सिग्नलला दिसत होतं. चेण्याच्या वळणावर नेटवर्क गेलं तेव्हा ती रिक्षावाल्याला म्हणाली, "भैया, गाडी पीछे लो, पीछे बोंबील दिखता था."

"माताजी, पीछे ट्रक है."

"तो ट्रक को भी पीछे लो."

हॉलमध्ये सगळे आईबाप इस्त्रीचे कपडे घालून गप्प बसले होते. आई माझ्या फोनकडे बघत बसली होती. स्टेजवर प्रमुख पाहुण्यांचं न्यायव्यवस्थेवरचं भाषण संपून पदव्या द्यायला सुरुवात झाली आणि तिकडे मुर्ध्यात अडचण झाली.

कावळ्यांना सवय झाली होती. इतके दिवस तोच यंत्राचा आवाज, तोच शब्द. स्पीकर "हाड, हाड, कृपया हाड" म्हणत होता आणि एक कावळा चक्क स्पीकरवर बसून पाय शेकत होता. आणि त्याच सुमाराला वलांडीच्या खांबावर, हळूहळू, पाहणी करत, नगरसेवक चढत होता.

कमेंटचा पूर आला. पुणेकर भांडायला लागले की ही विदर्भाची पाळी होती. सुभाषकाकांनी लिहिलं, 'परिस्थिती हाताबाहेर जात आहे. मी खाली उतरत आहे.' पण चौदावा मजला म्हणजे चौदावा मजला, आणि त्यांच्याकडे लिफ्ट दर मंगळवारी दुरुस्तीला असते. आज मंगळवार होता.

मग सगळे एकच लिहू लागले: आईंना बोलवा. आईंना बोलवा.

मी माझ्या फोनवरून लाइव्हमध्ये आवाज जोडायचं बटण शोधून ठेवलं होतं. आईला हळूच म्हणालो, "यावर बोललीस की तिकडे ऐकू जाईल. पण इथे—"

स्टेजवरून आवाज आला, "नेत्रा जानू भोईर."

आई उभी राहिली. ताई काळा गाऊन घालून स्टेजच्या पायऱ्या चढत होती. आईने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा बोक्याकडे. आयुष्यभर तिला या दोघांतलं एकच निवडावं लागलं होतं. आज दोन्ही एका वेळी समोर होतं. तिने फोन तोंडाशी धरला आणि खाडीच्या या काठावरून त्या काठाला हाक मारतात त्या आवाजात ओरडली,

"हाऽऽड मेल्या! खाली उतर! माजी पोर वकील झालीय आज! कोर्टात खेचीन तुला!"

प्रमुख पाहुणे एक पायरी खाली उतरले. त्यांचं काय जुनं प्रकरण होतं ते त्यांनाच माहीत.

फोनवर मात्र नगरसेवक हवेत होता. तो खांबावरून सुटला, कुंपणावरून गेला आणि पडद्याच्या बाहेर दिसेनासा झाला. कावळे उठले, शेजारच्या वलांड्यांवरचे बगळेसुद्धा उठले. हळदीचा स्पीकर होता तो. आई काय म्हणाली ते मुर्ध्यात घराघरात गेलं, टॉवरच्या प्रत्येक मजल्यावर गेलं. पिंटूने नंतर सांगितलं की शेजारच्या राई गावाच्या रस्त्यावर एक रिक्षावाला थांबून विचारत होता, "कोण वकील झालं?"

ताई स्टेजवर मधोमध थांबली होती. मला वाटलं, आता ती जमिनीत जाणार. तिने माइककडे वाकून विचारलं, "आई, उतरला का?"

"उतरला!" आई म्हणाली. "तू घे तुजा कागद."

आधी शेवटच्या रांगेतल्या एका बाईने टाळी वाजवली, मग सगळ्या हॉलने. कागद देताना प्राचार्य ताईला म्हणाले, "आवाज घरातलाच दिसतोय. कोर्टात माइक लागणार नाही." ताई म्हणाली, "नाही सर. लागला तर भाऊ जोडून देईल." एवढ्या लोकांसमोर माझा उल्लेख पहिल्यांदाच झाला. मी उभा राहून हात हलवला. कुणी बघितलं नाही, पण मी हलवला.

परत आलो तेव्हा सुभाषकाका वलांडीजवळ आईच्या स्टुलावर बसले होते. मांडीवर काठी, नाकाला रुमाल. तीन अर्ज करून ज्या वासाची तक्रार केली, त्या वासात ते अर्धा दिवस बसले होते. आम्हाला बघून ताठ उभे राहिले आणि आईला म्हणाले,

"शालूताई, एकही गेलेला नाही. मोजून घ्या."

आईने मोजले नाहीत. हे मी पहिल्यांदा बघत होतो. तिने दोन्ही हातांत मावतील तेवढे सुके बोंबील उतरवले आणि त्यांच्यापुढे धरले.

"अहो, आम्ही खात नाही."

"मंग राखलं कशाला?"

काकांनी काठी स्टुलाला टेकवून ठेवली. "ड्युटी होती," ते म्हणाले. मग ताईकडे वळले, रुमाल काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "अभिनंदन, बेटा. वासाच्या अर्जाचं काय करायचं ते आता तुम्हीच सांगा, वकीलबाई."

"मागे घ्या," ताई म्हणाली. "माझी पहिली केस घरच्यांविरुद्ध नको."

फोन चालूच होता. हजारो लोक बघत होते. आईने ताईच्या हातातून पदवीचा कागद घेतला, हाताने वजन बघितलं, आणि तो फोनसमोर धरला. सरळ धरला होता, पण कॅमेऱ्याच्या फार जवळ, त्यामुळे लोकांना फक्त शिक्का दिसत असणार.

कमेंटला खंड नव्हता. स्पीकर तोच यांत्रिक आवाज लावून वाचू लागला: "अभिनंदन. अभिनंदन. अभिनंदन नेत्राताई. अभिनंदन आई."

वलांडीवर पुन्हा येऊन बसलेले कावळे एकदम उठले आणि खाडीच्या दिशेने गेले. हा शब्द त्यांनी आमच्याकडे आधी कधी ऐकला नव्हता.

आईने वर बघितलं. "ह्येच लाव रे रोज," ती मला म्हणाली, आणि कागद हातात धरूनच स्टुलावर बसली.