घासलेला बगळा

“भावजी, हे पावडरीने घासलं तर चालेल ना?”

वहिनींनी तळहात माझ्यापुढे केला. तळहातावर बगळा होता, तांब्याच्या नाण्यावरचा. अंगठा थेट त्याच्या पंखावर टेकलेला, आणि दुसऱ्या हातात दातांच्या पावडरीचा डबा. आत त्यांचा नवरा, म्हणजे आमचा मीटर, आंघोळ करता करता शीळ घालत होता. मी त्याला प्रदर्शनाची कार्डं द्यायला आलो होतो. ती माझ्या हातातच राहिली.

“परवा चार लोकांत मांडायचं, आणि हे बघा कसं काळंकुट्ट पडलंय. यांना सांगू नका हं, गंमत करायचीय. तुम्ही दिवसभर कवळ्याच चमकवता, म्हटलं तुम्हालाच विचारावं.”

एक शब्द पुरला असता. ‘नको’ म्हणायला काय लागतं? मी म्हणालो, “घासा की. त्यात काय!”

असं का म्हणालो, ते सांगायला बावीस वर्षं मागे जावं लागेल.

मी कवळ्या करतो. डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे पाठवतात, मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसून त्यावर दात बसवतो. मीटर घरोघरी जाऊन विजेचे आकडे टिपतो, म्हणून त्याला सगळे मीटरच म्हणतात. आमचं नाणी जमवणाऱ्यांचं मंडळ आहे, आणि त्यात आम्ही दोघंच नमुना नाण्यांच्या मागे लागलेले. नवं नाणं काढायचं ठरलं की टांकसाळीत आधी चार-सहा नग पाडून साहेबांना दाखवतात. साहेबांनी नाक मुरडलं की सगळे वितळवायचे. त्यातला एखादा कसाबसा निसटतो आणि कुणाच्या तरी घरी जाऊन पडतो. थोडक्यात, आम्ही जमवतो ती सगळी नापास नाणी. माझी बायको म्हणते, “बरी सापडतात तुम्हाला तुमच्यासारखी!”

बगळा हे असंच नापास झालेलं नाणं. तांब्याचं, अष्टकोनी, एक पाय उचलून उभा असलेला बगळा. आजवर दोनच सापडलेत. एक माझ्याकडे, एक मीटरकडे. माझा मी अकरा वर्षं पत्रं लिहून, लोकांच्या मिनतवाऱ्या करून मिळवला. त्याच्या मानेवर कुणी अतिशहाण्याने कानस चालवून पाहिलेली आहे. मीटरला त्याचा कसा मिळाला? एका घरी विजेचा मीटर उंचावर होता. म्हणून हा स्टुलावर चढला, आणि घरातल्या आजीबाई खाली बटणांचा डबा उपसत होत्या. “हे तुला हवं का रे?” म्हणाल्या. बस्स! एक ओरखडा नाही. अंगभर चॉकलेटी रंग, आणि पंखाच्या कडेला मूळची तांबूस झाक.

गेली बावीस वर्षं दर प्रदर्शनात त्याचा पहिला नंबर, माझा दुसरा. दर वर्षी मी हसून त्याचा हात हातात घ्यायचो, आणि घरी येऊन भाजीला नावं ठेवायचो. माझ्या पोटात काय दुखतंय ते बायकोला ठाऊक होतं. ती मुकाट्याने भाजीत मीठ वाढवायची.

तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला रंग हाच अशा नाण्याचा जीव. एकदा घासला की गेला, परत येत नाही. आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल. मीटरने वहिनींना कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी कधी नाण्यांना हात लावला नव्हता. तरी त्याचा नाण्यांचा डबा साखरेच्या डब्याशेजारी उघडा असायचा. माझं कपाट कुलपात आणि किल्ली माझ्या खिशात. ‘दाखवा बघू एकदा’ असं माझ्या बायकोने तीस वर्षांत म्हटलेलं नाही. तेही मला मीटरच्या घरी गेलं की खुपायचं.

‘घासा की’ म्हणालो त्याच्या आणि प्रदर्शनाच्या मधे एक आख्खा दिवस होता. वहिनींनी कदाचित अजून घासलंही नसेल, असं मनात यायचं. फोन दोनदा हातात घेतला आणि दोनदा ठेवला. त्या दिवशी एका कवळीचे समोरचे दात मी उलटसुलट बसवले. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

प्रदर्शन वाचनालयाच्या वरच्या खोलीत होतं. मीटर आणि वहिनी दोघंही ठेवणीतले कपडे घालून आलेले. मीटरने डबी उघडली, आणि बगळा नव्या नळासारखा लखलखला. पंखावरच्या बारीक रेघा पावडरीने पार पुसून गेल्या होत्या.

मीटरचा हात डबीवर तसाच राहिला. वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. आता हा सणसणीत काहीतरी बोलेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होतो.

“कसं वाटतंय?” वहिनींनी विचारलं.

“अगं,” मीटर म्हणाला, “मला ओळखूच आलं नाही! केव्हा केलंस हे?”

“आवडलं ना?”

“झकास.”

आणि ते त्याने मांडलं. दडवलं नाही, सगळ्यांच्या मधोमध मांडलं. बाहेरगावचे परीक्षक भिंग घेऊन आले. घासलेल्या नाण्याच्या कार्डावर पेन्सिलीने तसं लिहायचं, अशी आमच्यात रीत आहे. ते नाणं मग नंबरात धरत नाहीत. त्यांनी लिहिलं, ‘घासलेलं’. ते पुढे सरकताच मीटरने कार्डावर पंजा ठेवला. वहिनी जाईपर्यंत त्याने तो हलवला नाही. दीड तास तो माणूस तसाच उभा होता.

पहिला नंबर माझा आला. सगळ्यात जोरात टाळी मीटरची होती, एका हाताने टेबलावर वाजवलेली.

बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं, आणि मी जळतच घरी आलो. मला त्याचं नाणं नको झालं होतं. तो ‘झकास’ म्हणाला ना, तसं मला आयुष्यात कुणाला म्हणता आलं नसतं.

पुढच्या रविवारी मीटरने चहाला बोलावलं. “तुझा बगळा आण रे कवळीवाल्या, नीट बघू दे,” म्हणाला. मी रुमालात गुंडाळून, शर्टाच्या खिशात घालून नेला. वहिनींनी चहा गाळला आणि आमच्याबरोबर बसल्या.

“मला एक कळत नाही,” त्या म्हणाल्या, “आमचं इतकं चमकत होतं, मग नंबर कसा नाही?”

“परीक्षकाचे डोळे गेलेत,” मीटर म्हणाला. “सोड गं.”

“नाहीतर काय! मी काही माझ्या मनाने नव्हतं घासलं. भावजींना विचारूनच घासलं. तुम्ही आंघोळीला होतात तेव्हा.”

मीटरचा कप ओठांपर्यंत गेला होता, तो खाली आला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावर पाण्याचा एक थेंब पडला होता, त्याकडे तो बघत राहिला.

“याला विचारलं होतंस?”

“मग! म्हणाले, घासा की.”

त्याने तो थेंब बोटाने पुसला. मग मीटर हळूच म्हणाला, “मग बरोबरच केलंस. त्याला त्यातलं कळतं.”

त्याने माझी आईबहीण काढली असती तर मी ऐकून घेतलं असतं. उठून निघून जावं असं वाटलं. माफी मागावी तर वहिनींसमोर कसली मागणार? त्यांना कळलं असतं, की बिघडवलं ते त्यांनीच. मीटरने दीड तास हाताखाली झाकलेलं कार्ड मी उघडं केलं असतं.

मी खिशातून रुमाल काढला, सोडला आणि बगळा टेबलावर वहिनींच्या दिशेने सरकवला.

“वहिनी, माझंही जरा घासून द्या.”

मीटरचा हात झटकन माझ्या हातावर आला. “अरे, याला नको. तुझं आहे तसंच बरं दिसतं.”

“असू दे हो,” वहिनी उठल्यासुद्धा, “दोन मिनिटांचं काम. भावजींनी एवढं तोंडाने मागितलं.”

मीटर माझ्याकडे बघत होता. चहा प्यायला बसल्यापासून पहिल्यांदाच. मी हात सोडवून घेतला.

वहिनींनी फडकं ओलं केलं, चिमूटभर पावडर घेतली आणि मोरीशी उभं राहून घासायला लागल्या. तो आवाज मी रोज ऐकतो. माझ्या टेबलाशी रोज तोच आवाज असतो. तरी मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती.

त्यांनी दोन्ही बगळे एका बशीत शेजारी शेजारी ठेवून आणले. माझ्या बगळ्याच्या मानेवरचा कानशीचा ओरखडा आता लांबूनही दिसत होता.

“बघा,” त्या कौतुकाने म्हणाल्या, “दोन्ही कशी लख्ख झाली!”

“झकास,” मी म्हणालो.

मीटरने किटली उचलली. माझा कप रिकामा होता, तो त्याने पुढे ओढला आणि चहा ओतला. नेहमीसारखा काठोकाठ नाही. पण ओतला.