कुशीवर वळवण्याआधी

पक्षाघाताने गोपिकाबाईंची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. सरकारी दवाखान्यातून सुटी मिळाल्यावर विश्वनाथने आईला शहरात, सक्करदऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांत आणले. तो पाटबंधारे खात्यात कारकून होता. त्याची बायको प्रेमिला सासूचे सारे करी. पण तिला एकटीला ते जड शरीर नीट कुशीवर वळवता येत नसे, आणि आता कमरेखालची कातडी लाल होऊन फाटू लागली होती. डॉक्टरांनी स्पष्टच बजावले होते, पक्षाघाताच्या आधी ही जखमच जीव घेईल.

एखाद्या नर्सिंग होममध्ये ठेवणे भाग होते. धंतोलीतल्या सोनटक्के नर्सिंग होमचे नाव निघाले, कारण नात्यातल्या दोघांना तिथला अनुभव होता. १९७४ सालच्या डिसेंबरातल्या एका रविवारी, कापसाची वेचणी टाकून ते दोघेही गावाहून आले : विश्वनाथचे काका नानाजी आणि मामा रुपराव. बसायला दुसरी जागा नव्हती. सगळे गोपिकाबाईंच्या खाटेभोवतीच बसले.

"मी त म्हणतो, नको," नानाजींनी सुरुवात केली. "पोट फाडून मले वाचवलं, ते नाकबूल नाही. पण रात्री सलाईनची नळी निघाली अन् सारी चादर ओली झाली. इतका बोंबललो, का घरी असतो त गोठ्यातला बैलही दावं तोडून आला असता. सकाळपावतर कोणी फिरकलं नाही."

"तुमच्याजवळ आपलं कोणीच नव्हतं, काका?" प्रेमिलाने विचारले.

"कोण राहते वं? वेचणीचे दिवस. मी बोंबललो तरी कोणी आलं नाही. वैनीले त बोंबलताही येत नाही."

विश्वनाथने संकोचून रुपरावांकडे पाहिले. "मामा, तुम्हाले त विचाराचंच नाही. मामी तिथून परत आलीच नाही."

"काहून नाही विचाराचं? विचार ना गा." रुपरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी म्हणतो, तिथंच ने."

नानाजींची मान वळली.

"तुझ्या मामीची शुद्ध गेली होती. मी समजलो, आता हे लाकूड झालं. पण तिथली शामलाबाई नर्स, कुशीवर वळवायच्या आधी तिच्या कानापाशी वाके. म्हणे, 'अनसूयाबाई, आता तुम्हाला डाव्या कुशीवर घेते, चालेल ना?' अन् थांबे. जशी काही ही 'हो' म्हणणारच आहे! मले हसू आलं. म्हटलं, बाई, तिले ऐकू येते का? त ते म्हणे, 'मला ठाऊक नाही. पण विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या अंगाला हात कसा लावू?'"

रुपरावांनी टोपीची घडी सारखी केली.

"सारा जन्म मी तिले 'चाल' म्हटलं अन् ते चालली. नाव त कधी घेतलंच नाही. आपल्यात कोण घेते? तिथं, त्या खाटेपाशी, रोज तिचं नाव ऐकलं. वाचवणं त्याहिच्या हाती नव्हतं, गा."

"शामलाबाई रात्री घरी जाते, हेही सांग ना," नानाजी पुटपुटले.

"जाते," रुपरावांनी कबूल केले.

दोन्ही अनुभव खरे होते. एका छपराखाली तशी रात्रही होती आणि तशी नर्सही होती. विश्वनाथ मनाशी हिशेब मांडत होता : दिवसा तिथली माणसे, रात्री घरचे कोणी. आणि मांडता मांडता तो एकाएकी शरमला. ज्या बाईसाठी ही बैठक भरली होती ती त्यांच्या मधोमध पडून होती, आणि बोलणे सुरू झाल्यापासून कोणी तिच्याकडे वळूनही पाहिले नव्हते.

तो खाटेवर वाकला. "माय, तुले सोनटक्केकडे नेऊ का? रात्री आपलं माणूस जवळ राहीन."

"ते काय सांगणार?" नानाजी हळूच म्हणाले. पण रुपरावांनी हात वर केला, आणि सगळे थांबले.

आधी काहीच झाले नाही. मग गोपिकाबाईंचे डोळे, जे सगळ्यांनी रिकामे समजले होते, विश्वनाथच्या चेहऱ्यावर येऊन स्थिरावले. डावा हात अंथरुणावरून निघाला. उशीवर घसरलेल्या पदराशी पोचला, सुटला, पुन्हा पोचला. बोटांनी काठ धरला आणि सावकाश, फार सावकाश, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतला. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याआधी गावाकडची बाई घेते, तसा.

"आत्याबाई निघाल्या," प्रेमिला सासूकडे पाहून म्हणाली.

विश्वनाथला उमगले. म्हणजे ही सारे ऐकत होती. डॉक्टर जखमेविषयी बोलले तेही हिने ऐकले असेल. आणि तरीही ती पदर सावरून जायला तयार झाली होती. आपली आई किती मोठ्या एकांतात, किती जागी होती, हे त्याला आता कळत होते.

नानाजी उठून खाटेच्या पायथ्याशी आले. भावजयीशी ते आजवर नजर वर करून बोलले नव्हते.

"वैनी, रात्री मी राहतो तुमच्यापाशी," ते म्हणाले. मग अवघडून, नवा शब्द उच्चारावा तसे, त्यांनी विचारले, "चालन ना?"