हा नळ दुरुस्त करू नये

विद्यापीठात त्यांना सगळे शाश्वत सर म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांच्या कानावर जाईल इतपत मोठ्याने. आपला विषय शाश्वत विकास आणि गणिताचं शिक्षण, म्हणून हे नाव पडलं, असं सर नव्या माणसाला सांगत. खरं कारण वेगळं होतं. विभागातले पंखे बदलले, खुर्च्या बदलल्या, दोन विभागप्रमुख आले नि गेले, सर मात्र सहयोगी प्राध्यापक होते ते सहयोगी प्राध्यापकच राहिले. "विकासाचं काय ते मला माहीत नाही," बायको म्हणायची, "पण शाश्वत मात्र झालास हो." यावर सगळ्यांच्या आधी सरच हसायचे. स्वतःला हसण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. अडचण एवढीच, की हसून झालं की ते पुन्हा तेच करत.

यंदा मात्र गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. प्राध्यापकपदाचा अर्ज दोनदा परत आला होता आणि दोन्ही वेळा शेरा एकच होता, की प्रत्यक्ष वर्गात परिणाम दिसत नाही. म्हणजे मुलांना कसं शिकवावं यावर सर लिहितात पोतंभर, पण त्यातून एखाद्या पोरात काही फरक पडल्याचं कुणी पाहिलेलं नाही. आता अर्ज करायचा तो शेवटचा, आणि या खेपेला समिती स्वतः शाळेत येऊन, वर्गात बसून, डोळ्यांनी बघणार होती. हे हुकलं की सर निवृत्त होईपर्यंत आहेत तिथेच राहणार, हे त्यांना, बायकोला आणि विभागातल्या शिपायालाही ठाऊक होतं.

शाळा शोधावी लागली नाही. सरांची थोरली बहीणच एका शाळेची मुख्याध्यापिका होती. ताईने सातवीच्या दोन्ही तुकड्या दिल्या, पण आधी बजावलं, "मुलांचा वेळ फुकट घालवलास तर कान धरून बाहेर काढीन. प्राध्यापक असशील तुझ्या घरी."

"अजून झालो कुठे, ताई," सर म्हणाले.

मागच्या अंगणात हात धुवायच्या जागी नळांची एक रांग होती, आणि त्यातला अगदी कडेचा नळ गळत होता. दुसरा कुणी असता तर हळहळला असता. सर हरखले. पुस्तकातल्या गणितांत हौद भरतात नि रिकामे होतात, आणि हा हौद कोण कशाला भरतंय हे कुणी विचारत नाही. इथे खरा नळ होता, खरं पाणी होतं आणि ते खरोखर वाया जात होतं. एवढं चांगलं उदाहरण त्यांना आयुष्यात मिळालं नव्हतं.

अ तुकडीला त्यांनी मोजपात्रं आणि घड्याळं देऊन नळापाशी उभं केलं. पोरांनी मिनिटाचं पाणी मोजलं, त्यावरून तासाचं काढलं, दिवसाचं काढलं, आणि मग भांडली. एका गटाचं उत्तर दुसऱ्याशी जुळेना, कारण नळ काही घड्याळ लावून गळत नाही. मग सरासरी काढू या, असं पोरंच म्हणाली. सरांना गहिवरून आलं. वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे वकीलबाई म्हणत, कारण ती मुद्दा सोडत नसे. तिने विचारलं, "सर, वर्षाचं काढताना सुट्टीचे दिवस वजा करायचे? कारण शाळेला सुट्टी असते, नळाला नसते."

तासाच्या शेवटी सरांनी विचारलं, "गळणारा नळ दिसला तर मोठ्या माणसाला जाऊन कोण सांगेल?" सगळे हात वर झाले. आणि ही पोरं नुसते हात वर करून थांबली नाहीत. घंटा झाल्या झाल्या घोळका करून ताईच्या खोलीत गेली आणि वर्षाला किती पाणी जातं ते तिला आकड्यानिशी सांगितलं. ताईने तिथल्या तिथे प्लंबरला फोन केला.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, की झालं, जिंकलास गड्या, यापेक्षा मोठा परिणाम तो कोणता? पण शहाण्या माणसाला प्रयोगाचा आराखडा नसतो, सरांना होता. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले तर प्लंबर पान्हा घेऊन नळापाशी वाकलेला.

"थांबा," ते लांबूनच ओरडले. "हात लावू नका त्याला."

प्लंबरने ताईकडे बघितलं, ताईने भावाकडे.

"ताई, ब तुकडी राहिलीय ना," सर धापा टाकत म्हणाले. "तिला सध्या पुस्तकातून शिकवतायत. नळावरचा तास तिला तीन आठवड्यांनी. दोन्ही तुकड्यांना तोच नळ, तसाच गळणारा मिळायला हवा. नाहीतर तुलना करणार कशाची?"

"म्हणजे पाणी वाचवायला शिकवायचं म्हणून तीन आठवडे पाणी वाया घालवायचं?"

"तसं नाही गं. म्हणजे, तसंच. पण शास्त्रीय कारणासाठी."

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

"कोरडा कुठे आहे? मोजे भिजलेत माझे," सर म्हणाले. ताई हसली नाही. पण धाकट्या भावाचा अर्ज दोनदा परत आलेला तिने पाहिला होता, आणि त्या दोन्ही वेळा तो घरी कसा हसत आला होता तेही पाहिलं होतं. तिने प्लंबरला परत पाठवलं.

पुन्हा कुणाला चांगुलपणाचा झटका येऊ नये म्हणून सरांनी एक पाटी रंगवून घेतली आणि नळाच्या वर भिंतीला स्क्रूने पक्की बसवली. 'सूचना. हा नळ दुरुस्त करू नये. संशोधन चालू आहे.' खाली स्वतःचं नाव आणि पद. सहयोगी हा शब्द लिहायला रंगाऱ्याने बरीच जागा खाल्ली. सरांनी लांब जाऊन पाटी पाहिली आणि खरं सांगायचं तर त्यांना ती आवडली.

पोरांनी पाटी वाचली. दुसऱ्या दिवशी नळाखाली एक बादली आली. मधल्या सुट्टीत ती भरली की दोघं जण उचलून कुंपणाकडच्या रोपांना घालत. सर पुन्हा अडचणीत. ब तुकडीने येऊन पाहिलं की पाणी झाडांना जातंय, तर वाया काय जातंय? मग गणित कशाचं करायचं? त्यांनी बादली उचलून कपाटामागे ठेवली. पोरांनी ती शोधली आणि परत ठेवली. असं आठवडाभर चाललं. नुसती बादली ये-जा करत होती.

एका संध्याकाळी सर निघायच्या घाईत होते आणि बादली काठोकाठ भरलेली. रोपं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, बूट नवे, बैठकीला उशीर झालेला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि सगळी बादली शेजारच्या गटारात ओतली.

"सर, झाडं तिकडे आहेत," मागून आवाज आला. वकीलबाई दप्तर पाठीला लावून उभी होती.

"हो का? अरे वा," शाश्वत सर म्हणाले. पोरीने त्यांच्याकडे बघितलं, रिकाम्या बादलीकडे बघितलं आणि ती घरी गेली. त्या रात्री सरांनी हा किस्सा बायकोला अगदी रंगवून सांगितला आणि स्वतः पोट धरून हसले. बायको हसली नाही. "आधी ताई, आता मी," ती म्हणाली. "तुझं हसू हल्ली कुणाला लागत नाही बघ."

समिती आली त्या दिवशी सकाळी ब तुकडीचा नळावरचा तास झाला. तो छान झाला. समितीत अध्यक्षबाई होत्या, आणि सोबत मधूनमधून मान डोलावणारे एक सदस्य. सगळा परिणाम एका क्षणात डोळ्यांना दिसावा म्हणून सरांनी शेवट अ तुकडीवर राखून ठेवला होता. तोच पहिल्या दिवसाचा प्रश्न, तेच हात. पहिल्या दिवशीच सगळे हात वर झाले होते, आता त्याच्या वर आणखी काय जाणार, हे गणितवाल्याला सुचायला हवं होतं. सुचलं नाही. वरून उतरायची वाट तेवढी उघडी असते, हेही सुचलं नाही.

"गळणारा नळ दिसला," सर मोठ्या आवाजात म्हणाले, "तर मोठ्या माणसाला जाऊन कोण सांगेल?"

एकही हात वर झाला नाही. मागच्या बाकावरच्या एकाने अर्धा केला होता, पण शेजाऱ्याकडे बघून तो डोकं खाजवायला लागला. पोरांना प्रश्न नीट ऐकू गेला नसेल म्हणून सरांनी तो पुन्हा विचारला. आता तर डोकंही कुणी खाजवेना.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "का रे बाळांनो? का नाही सांगणार?"

सगळा वर्ग वकीलबाईकडे बघायला लागला, तेव्हा ती उठली. "आम्ही सांगितलं होतं, बाई. प्लंबरकाका आले पण होते. मग पाटी लागली."

"कसली पाटी?"

"सरांची. दुरुस्त करू नये म्हणून. मग आम्ही बादली ठेवली, तर ती सरांनी गटारात ओतली." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. गणितात दिलेली माहिती वाचून दाखवावी तसं ती सांगत होती. "पाटी लागल्यापासूनचं पाणी आम्ही वेगळं काढलंय. सरांनी शिकवलंय तसंच काढलं, सरासरी घेऊन."

समिती अंगणात गेली. मागून सर, त्यांच्या मागून अख्खी तुकडी. अध्यक्षबाईंनी पाटी मोठ्याने वाचली, पदासकट. खाली नळ आपल्या गतीने गळत होता.

सरांपाशी उत्तरं होती. तुलनेचा गट होता, आराखडा होता, विद्यापीठाची रीतसर परवानगी होती. पण यातलं एक वाक्यसुद्धा त्या पोरीसमोर टिकलं नसतं. त्यांना लाज वाटली, चारचौघांत कान धरला गेल्यासारखी. बढती गेली हे त्यांना कळत होतंच, पण टोचत होतं ते दुसरंच. ही पोरं त्यांच्याकडे आली तेव्हा मोठ्या माणसाला जाऊन सांगणारी होती, आणि आता नव्हती. एवढा परिणाम सरांनी जन्मात कधी घडवला नव्हता.

"परिणाम दिसतोय हो," अध्यक्षबाई म्हणाल्या. "चांगला ढळढळीत दिसतोय. फक्त उलट्या बाजूला."

मान डोलावणारे सदस्य सरांच्या कानाशी आले. माणूस मनाने वाईट नव्हता. "हा एक प्रश्न सदोष होता म्हणून अहवालातून वगळता येतो. पुष्कळ जण वगळतात. बाकीचं सगळं उत्तम आहे तुमचं, गुणोत्तर, सरासरी, सगळं."

मोह झाला नाही असं नाही. झाला, आणि दांडगा झाला. सरांनी तेवढ्यात मनातल्या मनात अहवालातलं ते वाक्य रचूनसुद्धा टाकलं. मग त्यांनी वर पाहिलं. वकीलबाई त्यांच्याकडेच बघत होती आणि तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. सर काय म्हणतील याची ती वाट बघत नव्हती. बादली गटारात ओतणारा माणूस काय म्हणेल, ते तिला ठाऊक होतं.

"नको," सर म्हणाले. "प्रश्न बरोबर होता. राहू दे."

"मग बढतीचं मला काही कबूल करता येणार नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"कळतंय मला."

ब तुकडीचा तास संपला की नळ दुरुस्त करायचा, म्हणून ताईने प्लंबरला आजच बोलावून ठेवलं होतं. तो पुन्हा हात लावायला धजेना, म्हणून सरांनी त्याच्याकडून स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि आधी पाटी काढली. ती फारच पक्की बसवली होती, त्यामुळे हे काम बराच वेळ आणि सगळ्यांच्या देखत चाललं. नळाचं काम त्या मानाने चटकन उरकलं, नुसता वायसर गेला होता. शेवटचा थेंब पडला आणि त्याच्यामागून दुसरा आला नाही.

"आता?" सरांनी मुलांना विचारलं. "आता कोण सांगेल?"

हात वर झाले, एकेक करत, एकमेकांकडे बघत. सगळे नाही. वकीलबाईचे दोन्ही हात पाठीमागेच होते.

"तू?"

"मी नंतर सांगते, सर. आधी टिकतो का बघते."

सगळे हसले, ताईसुद्धा. सवयीप्रमाणे सरांनीही सुरुवात केली, पण ते हसू त्यांना पुरं करता आलं नाही.

अहवालात त्यांनी सगळं लिहिलं. प्रश्न लिहिला, पाटी लिहिली आणि बादलीही लिहिली. अर्ज तिसऱ्यांदा परत आला. विभागात कुणीतरी म्हणालं, की आता सर खरोखरचे शाश्वत झाले, आणि ते कानावर आल्यावर सरांना हसू आलं नाही, पण वाईटही फारसं वाटलं नाही.

त्यानंतर एका सकाळी ते शाळेत गेले. प्रयोग नव्हता, आराखडा नव्हता, कसली परवानगीही काढली नव्हती. कडेच्या नळापाशी वकीलबाई उभी होती, नळाच्या तोंडाखाली तळहात धरून.

"आज काय शिकवणार, सर?"

"काही नाही. नळ बघायला आलो."

तिने तळहात उलटा करून दाखवला. कोरडा होता. भिंतीवर पाटीच्या स्क्रूंची भोकं अजून तशीच होती.

"परत गळायला लागला," तिने सावकाश विचारलं, "तर तुम्हाला सांगू?"

सरांना एकदम हो म्हणवेना.

"मला सांग," ते म्हणाले. "आणि मी पाटी घेऊन आलो, तर मुख्याध्यापिकाबाईंना सांग. त्या माझे कान धरतात."